ताशाचा बोल, ढोलाची साथ

भाद्रपद जवळ आला, की पुण्यात मुठेच्या काठी सायंकाळी ढोल घुमू लागतात. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी निरनिराळ्या पथकांचा सराव तेथे चालू असतो. पथकात कोणी विद्यार्थी असतो, कोणी कारखान्यातील कामगार, तर कोणी कचेरीतील लेखनिक. मुलीही मुलांच्या बरोबरीने कमरेला ढोल बांधून उभ्या राहतात. दिवसभराची कामे निराळी असलेली ही माणसे येथे एका ठेक्यासाठी एकत्र येतात.

पथकातील प्रत्येक वाद्याचा धर्म वेगळा आहे. ताशा गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवितात. त्याचा आवाज कडकडीत असतो. म्हणून कोणता ठेका धरावयाचा व तो केव्हा बदलावयाचा, हे ताशा सांगतो. ढोलाच्या एका बाजूस हाताची थाप पडते व दुसऱ्या बाजूस टिपरूचा ठोका. झांज त्या नादाला धार आणते, तर टोल लय सांभाळतो. ढोल आकाराने कितीही मोठा असला, तरी त्याला ताशाच्या मागूनच चालावे लागते.

नव्या वादकाला हे सहसा उमगत नाही. आपलाच ढोल सर्वांत मोठ्याने वाजावा, असे त्याला वाटते. तो सारे बळ लावून ठोके देतो. परंतु स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान भरून जातात आणि शेजाऱ्याची थाप त्याला ऐकू येईनाशी होते. मग त्याची लय सुटते व त्याच्यामागे साऱ्या रांगेची सुटते.

तथापि, केवळ कानांवर विसंबूनही भागत नाही. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर जातो. शेवटचा वादक ताशापासून ३४ मीटर दूर असेल, तर ताशाचा बोल त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत तेवढ्यानेही ठोके विस्कटतात. म्हणून पथकप्रमुख हात उंचावून खुणा करतो, आणि त्या सर्वांनी पाहावयाच्या असतात. मागच्याला बोल लावण्यापूर्वी पुढच्याने हे ध्यानी घ्यावे.

पहिल्या रांगेत कोणी उभे राहावे, यावरून पथकात कुरबुरी होतात. लोकांची दृष्टी त्या रांगेवर असते, हे खरे; परंतु ठेका निसटण्याचे भय मागच्या रांगेत अधिक असते. म्हणून एखाद्या मुरलेल्या वादकाला मागे उभे केले, तर तो त्याचा अपमान नसून त्याच्यावरील विश्वास होय.

त्याचप्रमाणे, चुकणाऱ्या नवख्याची थट्टा करण्याचा मोहही आवरला पाहिजे. थट्टेला कंटाळून तो सरावाला येईनासा होतो. पुढे अनंत चतुर्दशीची मिरवणूक तासन्‌तास लांबते, खांदे भरून येतात, बोटे सोलवटतात. दमलेल्याच्या कमरेचा ढोल अशा वेळी दुसऱ्या कोणी तरी बांधून घ्यावयाचा असतो. ज्याला हसून घालविले, तो त्या वेळी जवळ नसतो.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला कोणता ढोल कोणाचा, हे कळत नाही. त्याच्या कानी पडतो तो एकच ठेका. तो एक राहावा म्हणून आपला हात आवरणे आणि दुसऱ्याचा हात सावरणे, हेच पथकातील खरे सख्य होय.