बांबू स्वस्त, भाडं महाग

फ्लाय फिशिंगची बांबूची काठी घरीच करायची असं ठरवणारा माणूस आधी तयार काठ्यांच्या किमती बघतो. डोळे पांढरे होतात, मग म्हणतो, "बांबूच तर आहे, असा कितीसा खर्च येणार?" न्यू जर्सीत राहून कॅट्सकिलच्या नद्यांवर ट्राउट धरायला जाणारा मीही हेच म्हणालो होतो. बांबूला पैसे खरंच फार लागत नाहीत. ते जातात भलत्याच वाटांनी.

या काठीला टोंकिन बांबू लागतो. नाव व्हिएतनामकडचं, पण उगवतो दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंग प्रांतातल्या सुई नदीच्या खोऱ्यात. टोंकिन येण्याआधी अमेरिकी कारागीर आपल्याकडून जाणारा 'कलकत्ता' बांबू वापरत. तो म्हणजे बहुधा आपला मानवेलच, त्यामुळे गावाकडून दोन बांबू आणावेत असा मोह मलाही झाला होता. आणू नका. टोंकिनचे धागे जास्त दाट, गाठी कमी फुगीर आणि पेरं लांब. नवशिक्याला रंधा मारताना याचा जीव वाचवणारा फरक पडतो.

बागेच्या सामानाच्या दुकानातही 'टोंकिन' मिळतो, वेल चढवायला. दुकानदार खोटं बोलत नाही, जात तीच असते. पण अंगठ्याएवढ्या काठीतून सपाट कामट्या निघत नाहीत. आपल्याला सुमारे दोन इंच व्यासाचा, जाड भिंतीचा, बारा फुटी बांबू हवा.

तो मी मागवला तेव्हा वर्णनात 'निवडक माल' असं लिहिलेलं होतं. बारा फुटी नग साध्या पार्सलने येत नाही, म्हणून ट्रकचं भाडं बांबूच्या किमतीच्या वर गेलं. माल आला तर निम्म्या नगांवर खोल खरवडे. तक्रार केल्यावर उत्तर आलं: नैसर्गिक मालात असं चालायचंच. अर्धं खरं आहे ते. चिनी शेतकरी हिरव्या बांबूवर आपली खूण कोरतात, ती अक्षरं वाळल्यावरही दिसतात, आणि एखादी कामटी बाजूला टाकली की भागतं. सुकताना पडलेल्या एका उभ्या चिरेचंही काही नाही. पण खरवडा चारी बाजूंनी असेल तर तो बांबू वेल चढवायलाच ठेवावा. सगळी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. कापलेलं तोंड उजेडात धरा: कडेला काळपट ठिपक्यांची दाट पट्टी दिसते, आत गाभ्याकडे ठिपके विरळ होत जातात. पट्टी जाड तर बांबू चांगला. विक्रेत्याकडे बांबूच्या फोटोबरोबर तोंडाचाही फोटो मागा. नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता गाठा.

आणि बांबू मधोमध कापूनच पाठवायला सांगा. सात फुटी, दोन तुकड्यांच्या काठीला सहा फुटी तुकडे पुरून उरतात, आणि भाडं एकदम खाली येतं. ओळखीचे दोघे-तिघे मिळून मोळी मागवली तर आणखी स्वस्त.

पुढचा मोठा खर्च साच्याचा. साठ अंशांच्या सहा कामट्या रंधून जोडायच्या, आणि टोकाशी प्रत्येक कामटी मिलिमीटरहून बारीक. त्यासाठी स्क्रूने कमीजास्त होणारा पोलादी साचा काही शे डॉलरना मिळतो. पहिल्या काठीसाठी तो घेऊ नका. मेपलसारख्या कठीण लाकडात एकाच मापाचा साचा घरी करता येतो, किंवा जुन्या कारागिराकडून उसना मिळतो. ही मंडळी बोलकी असतात, फक्त चहाला वेळ काढून जावं लागतं. रंधाही जुन्या बाजारातला चालेल, पातं मात्र नीट पाजळून घ्या.

जोडाच्या धातूच्या नळ्या, फेरुल, निकेल सिल्व्हरच्या म्हणून महाग. पितळेच्या स्वस्त नळ्या लवकर झिजतात आणि काठी खुळखुळू लागते. त्यापेक्षा दोन्ही तुकड्यांची टोकं तिरकी तासून पट्टीने बांधायची जुनी रीत बरी. अबर्डीनच्या शार्प्स कंपनीने साल्मनच्या मोठ्या काठ्या अशाच बांधल्या. नळीचा खर्चच वाचतो.

काठीवर कड्या बांधायच्या दोऱ्यासाठी खास रॉडचं रेशीम हवंच असं नाही. पुण्याहून येताना मी रविवार पेठेतून सर्वात बारीक रेशमी रिळं आणतो. वार्निश लागलं की रेशीम पारदर्शक होतं, खालचा बांबू दिसतो. तसं नको असेल तर पॉलिस्टरचा दोरा घ्या.

गोंदात मात्र हात आखडू नका. एका काठीला चार चमचे लागतो, वाचवून वाचवणार किती? युरिया रेझिन जुनं झालं की पकड सुटते, म्हणून सवलतीतला डबा उचलण्याआधी तळावरची तारीख वाचा. तारीख खरवडलेली दिसली तर दुकानदाराशी वाद घालत बसू नका, डबा जागेवर ठेवून द्या.