‘इमॅक्युलेट’ म्हणजे नुसता स्वच्छ?

प्रश्न : क्रिकेटचे समालोचक ‘इमॅक्युलेट लाइन अँड लेंग्थ’ म्हणतात, जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘इमॅक्युलेट कंडिशन’ असते. याचा अर्थ ‘क्लीन’च ना?

उत्तर : अगदी तसा नाही. लॅटिनमध्ये ‘मॅक्युला’ म्हणजे डाग. (डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ऐकू येणारा ‘मॅक्युला’ तोच, दृष्टिपटलावरचा पिवळा ठिपका.) त्याला नकार जोडला की ‘इमॅक्युलेट’, म्हणजे निष्कलंक. घासलेली कढई ‘क्लीन’, पण परीटघडीचा पांढराशुभ्र सदरा ‘इमॅक्युलेट’. पुढे अर्थ पसरला आणि गोलंदाजाचा टप्पा, नटाचे टायमिंग, कुणाचे इंग्रजी, जे जे बिनचूक ते ते ‘इमॅक्युलेट’ झाले. पिण्याच्या पाण्याला मात्र हे विशेषण लावू नका. तिथे साधे ‘क्लीन’च बरे. आधी ‘व्हेरी’ही नको. जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली’ शोभते. उच्चारात शेवट ‘लेट’ असा लांबवत नाहीत, ‘लट’च्या जवळ ठेवतात.

पणजीच्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या चर्चच्या नावातही हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ हटकून चुकीचा लावला जातो. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे कुमारी मातेच्या पोटी झालेला येशूचा जन्म नव्हे. मरिया स्वतः आईच्या उदरात आली तीच मूळ पापाच्या डागाविना, ही ती श्रद्धा. पोप नववे पायस यांनी 1854 मध्ये तिला अधिकृत सिद्धांताचा दर्जा दिला. 8 डिसेंबरला तिचा सण असतो.

जाहिरातीतली ‘इमॅक्युलेट’ गाडी मात्र मेकॅनिकला दाखवूनच घ्या.