शॉकअप नवे, मग गाडी कडक का?

प्रश्न : आमची जुनी गाडी वणी-यवतमाळ रस्त्यावर होडीसारखी डुलायची. चारही शॉकअप बदलले. डुलणं थांबलं, पण बारीक खड्डे आता जास्त जाणवतात. शॉकअपचं काम धक्का खाणं, मग नव्याने धक्के वाढले कसे?

उत्तर : गोम नावातच आहे. धक्का खाते ती स्प्रिंग, आणि गाडीचं ओझंही तीच पेलते. (कापसाची गाठोडी टाकल्यावर गाडी मागून फार बसत असेल तर स्प्रिंग पाहा, शॉकअपला उगाच दोष.) पण स्प्रिंग एकदा दबली की उसळत राहते. तिला आवरायला शॉकअप. आत तेलाची नळी, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं नि झडपा. चाक हललं की तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन जिरतो.

आता सुई काढलेली सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अंगठा दुखतो. शॉकअपचंही तसंच : चाक किती हललं यापेक्षा किती झपाट्याने हललं, यावर त्याचा विरोध ठरतो.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरच्या डांबराच्या लाटा होतात. 15 मीटरची एक लाट धरा. ताशी 60 किलोमीटरने गेलात तर सेकंदाला साधारण एक हेलकावा. गाडीचं धूड स्प्रिंगवर स्वतःहूनही जवळपास याच तालात डुलतं, त्यामुळे झोक्याला वेळेवर रेटा मिळावा तसे हेलकावे चढत जातात. तुमच्या जुन्या शॉकअपमध्ये ते रोखायचा दमच उरला नव्हता.

खड्ड्याची कड मात्र चाकाला क्षणात वर फेकते. एवढ्या घाईत तेलाला वाट पुरत नाही, आणि थोडा दणका थेट सीटपर्यंत येतो. म्हणूनच झडपा सहसा अशा बसवतात की दबताना विरोध कमी, उसळताना जास्त. तरी थोडा कडकपणा उरतोच. जुने शॉकअप विरोधच करत नव्हते, म्हणून ते मऊ वाटायचे.

कडकपणा फारच असेल तर आधी टायरमधली हवा तपासा. मग मेकॅनिकला विचारा, खालच्या बुशचे नट गाडी जॅकवर असतानाच आवळले का? तसं असेल तर रबर कायम पिळलेलं राहतं. नट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळून घ्या.