नवीन माल आला, जुनं गिऱ्हाईक रुसलं! आता काय करायचं? – 'स्टार वॉर्स' आणि 'झपाटलेला'कडून चार धडे



लातूरच्या बॅचमधली गोष्ट आहे. एक ताई सेशन संपल्यावर थांबल्या. औसा रोडला राहतात, घरीच काळा मसाला करून विकतात. सहा वर्षांचा धंदा, तोंडी जाहिरातीवर उभा राहिलेला. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "सर, नवीन मसाला काढला तर लोकं नावं ठेवायलेत. बंद करू का?"

व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा मेसेज होते. "पहिल्यासारखा नाही राहिला." "ताई, तुमचा हात बदलला का?" एकानं तर लिहिलं होतं, "पैसा आला की चव जाते."

ताईंनी केलं काय होतं? क्लासेससाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून लातूरला आलेली पोरं, त्यांच्या मेस, त्यांच्यासोबत खोली करून राहणाऱ्या आया, या सगळ्यांना आपला मराठवाडी झणका सोसत नव्हता. म्हणून त्यांनी कमी तिखट मसाला काढला. चाळीस किलो माल तयार करून ठेवला होता. त्यात पैसा अडकला होता, आणि त्याहून जास्त मन अडकलं होतं.

मी म्हणालो, "ताई, बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. आधी आठ दिवस एक काम करा." ते काम काय, ते पुढं सांगतो. त्याआधी सिनेमाची एक गोष्ट ऐका. व्हिडिओत मी ती पाच मिनिटांत उरकली, इथं जरा सविस्तर सांगतो.

जगातली सगळ्यात मोठी 'पहिल्यासारखं नाही' तक्रार

'स्टार वॉर्स' म्हणजे अंतराळातल्या लढायांची सिनेमा-मालिका. तुम्ही बघितली नसेल तरी हरकत नाही, आपल्याला त्यातला धंदा बघायचा आहे. पहिला सिनेमा १९७७ साली आला, जॉर्ज लुकास यांचा. २०१२ मध्ये डिस्नेनं लुकास यांची कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे चालू दुकान गुडविलसकट घेतलं, असं समजा.

नव्या मालकाचा पहिला मोठा सिनेमा २०१५ मध्ये आला, 'द फोर्स अवेकन्स'. जगभरात सुमारे २०७ कोटी डॉलर कमावले. तरी जुन्या चाहत्यांतले बरेच जण म्हणाले, "यात नवीन काय? १९७७ चीच गोष्ट परत सांगितली."

मग २०१७ मध्ये 'द लास्ट जेडाय' आला, दिग्दर्शक रायन जॉन्सन. यानं मात्र बरंच बदललं. मालिकेचा जुना हीरो ल्यूक स्कायवॉकर इथं म्हातारा झालाय, एका बेटावर जगापासून तोंड लपवून बसलाय. नवी नायिका त्याची जुनी प्रकाशाची तलवार त्याच्या हातात देते आणि तो ती खांद्यावरून मागं फेकून देतो! चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. एक गट म्हणाला, "वा, काहीतरी वेगळं केलं." दुसरा म्हणाला, "आमच्या ल्यूकची वाट लावली."

बघा, सारखं दिलं तर "तेच ते", बदललं तर "पहिल्यासारखं नाही". तुमच्या दुकानातही हेच होतं ना? चला, आता धडे घेऊ.

धडा १: गिऱ्हाईक तुमच्या मालाची तुलना आठवणीशी करतं

हा धडा शिकायला हॉलिवूडला जायची गरज नाही. आपला 'झपाटलेला' घ्या. १९९३ साली महेश कोठारेंनी हा सिनेमा केला. रामदास पाध्येंचा तात्या विंचूचा बाहुला आणि त्याच्यासमोर लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. तेव्हाच्या पोरांना रात्री बाहुलीकडं बघायची भीती वाटायची आणि तरी सिनेमा परत बघायचा असायचा.

वीस वर्षांनी, २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला. थ्रीडी! मराठीत हे नवंच होतं. डोळ्यावर चष्मा लावून तात्या विंचू अंगावर येतोय, म्हणून लहान पोरं खूश. पण त्यांना घेऊन आलेल्या आई-बापांच्या मनात एक रुखरुख होती. लक्ष्या नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही, पण जुनं गिऱ्हाईक तिकीट काढताना नकळत लक्ष्याचंही तिकीट काढून आलं होतं.

यातून तुम्ही काय घ्यायचं? मशीन नवी, पॅकिंग चकचकीत, दुकानाला एसी, हे सगळं चांगलंच. पण गिऱ्हाईक तुमच्याकडं नेमकं कशासाठी येतं, हे आधी लिहून काढा. नांदेडला वजिराबादमध्ये समजा तुमचं टेलरिंगचं दुकान आहे आणि तुम्ही ते मोठं केलं. लोक तिथं कपडा शिवायला येत होते, की तुमचे वडील माप न घेता नुसत्या नजरेनं फिटिंग सांगायचे म्हणून येत होते? वडील आता गल्ल्यावर बसत नसतील, तर ते लपवू नका. "आता माप मी घेतो, दादा शनिवारी येतात," असं मोकळेपणानं सांगा. जी गोष्ट परत आणता येत नाही, ती निदान कबूल करता येते.

धडा २: बोललं कोण, हे विचारल्याशिवाय बोलणं मोजू नका

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून वाचा.

'द लास्ट जेडाय'चं माप तीन ठिकाणी घेतलं गेलं. रॉटन टोमॅटोज नावाच्या साइटवर ९१ टक्के समीक्षकांचं मत चांगलं होतं. त्याच साइटवर प्रेक्षकांचा आकडा मात्र पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. तिसरीकडं, सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या दिवशी थिएटरात जाऊन, तिकीट काढून आलेल्यांकडून कार्ड भरून घेते. तिथं या सिनेमाला 'ए' ग्रेड मिळाली.

सिनेमा एकच. मग खरं कोणतं?

तिन्ही आकडे खरे आहेत, पण बोलणारी माणसं वेगळी आहेत. साइटवर तेव्हा कोणीही मत देऊ शकत होतं, तिकीट काढलेलं असो वा नसो. जो चिडलाय तो तिथं मुद्दाम जातो. ज्याला ठीकठाक वाटलं तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. थिएटरातल्या कार्डवर त्या गप्प बसणाऱ्यालाही विचारलं जातं. अर्थात तेही माप पूर्ण नाही, कारण पहिल्याच दिवशी हौसेनं धावत येणारा प्रेक्षक आधीच थोडा प्रेमात असतो. पुढं २०१९ मध्ये त्या साइटनंही तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली.

तुमचे गूगल रिव्ह्यू, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, इन्स्टाच्या कमेंट म्हणजे ती साइट. तुमच्या काउंटरवर उभा असलेला माणूस म्हणजे ते कार्ड. आणि गल्ला? गल्ला तिसरंच काहीतरी सांगत असतो.

आता ताईंचं काम सांगतो. मी त्यांना म्हणालो, "तीस गिऱ्हाइकांना फोन करा. मेसेज करणारे अकरा आणि काहीच न बोललेले एकोणीस. वहीत तीन रकाने पाडा. पहिला, तुम्ही स्वतः घेतला का? दुसरा, घेताना नवीन आहे हे माहीत होतं का? तिसरा, परत घेतला का? भांडू नका, समजावू नका, नुसतं लिहून घ्या."

आठ दिवसांनी ताई वही घेऊन आल्या.

अकरा तक्रारवाल्यांपैकी आठ जणांना मसाला नवीन आहे हेच माहीत नव्हतं! ताईंनी नवा मसाला जुन्याच पाकिटात, जुन्याच लेबलनं दिला होता. "पाकिटं पडून होती सर, वाया कशाला घालवायची?" दोघांना माहीत होतं, पण खरंच फिका वाटला. आणि एका बाईंनी तर घेतलाच नव्हता, जाऊबाईंनी सांगितलं म्हणून मेसेज टाकला होता.

गप्प बसलेल्या एकोणीस जणांपैकी तेरा जणांनी परत ऑर्डर दिली होती. त्यात दोन मेसवाले होते.

ताई वहीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे मसाला वाईट नव्हता. मी सांगितलं नाही, ते वाईट होतं."

धडा ३: सगळ्यांना खूश करायला जाऊ नका, पण शिवी आणि तक्रार वेगळी करा

'स्टार वॉर्स'वाल्यांनी पुढं काय केलं? २०१९ च्या 'द राईज ऑफ स्कायवॉकर'साठी २०१५ चे दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स परत आले. आधीच्या सिनेमात नायिकेचे आई-बाप अगदी साधी माणसं होती असं सांगितलं होतं. इथं ती मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या खलनायकाची नात निघाली. रोझ नावाचं पात्र होतं, ते जवळजवळ बाजूलाच पडलं. बऱ्याच जणांना वाटलं की नाराज चाहत्यांची समजूत काढायला गाडी मागं घेतली.

निकाल काय? खात्रीच्या प्रेक्षकांचा आकडा ८६ टक्के. पण थिएटरातली ग्रेड 'ए'वरून 'बी प्लस'वर आली, समीक्षकांचा आकडा पन्नासच्या आसपास घसरला आणि कमाई आधीच्या सुमारे १३३ कोटी डॉलरवरून १०७ कोटींवर आली. हे फक्त गाडी मागं घेतल्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, कमाई कमी व्हायला दहा कारणं असतात. पण एवढं नक्की, की मागं फिरून हरवलेला गल्ला परत आला नाही, आणि ज्यांना बदल आवडला होता त्यातलेही अनेक दुखावले.

अजून एक. रोझचं काम करणाऱ्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला सोशल मीडियावर इतकं घाण बोललं गेलं की २०१८ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. गोष्ट लिहिली दुसऱ्यानं, त्रास झाला काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला. तुमच्या दुकानातही हेच होतं. भाव तुम्ही वाढवता, बोलणी कामाला ठेवलेला पोरगा खातो. म्हणून नियम करा: मालाबद्दल बोललं तर ती तक्रार, वहीत लिहा. माणसाबद्दल घाण बोललं तर ती शिवी, तिथं मालकानं स्वतः पुढं व्हायचं.

धडा ४: जुनं आणि नवं शेजारी ठेवा, आणि वेळ द्या

सिनेमावाल्याची एक अडचण असते. त्याच्याकडं ल्यूक एकच आहे. त्याला म्हातारा केला की केला. तुमचं तसं नाही! तुम्ही दोन पाकिटं ठेवू शकता. ही छोट्या धंद्याची ताकद आहे, ती वापरा.

ताईंनी तेच केलं. जुना मसाला जुन्या लाल लेबलमध्ये, हात न लावता. नव्याला हिरवं लेबल आणि वर मोठ्या अक्षरात 'कमी तिखट'. त्या आठ जणांना फोन करून सांगितलं, "चूक माझी झाली, सांगायला पाहिजे होतं," आणि जुन्याचं पाव किलोचं पाकीट घरपोच दिलं. आठातले सहा परत आले. दोन नाही आले. त्या दोघांचं ताईंना अजून वाईट वाटतं, आणि वाटायलाच पाहिजे. सहा वर्षांची गिऱ्हाइकं होती ती.

वेळेचं म्हणाल, तर १९८० साली 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा मालिकेतला दुसरा सिनेमा आला तेव्हाही प्रतिक्रिया संमिश्र होत्या. आज असंख्य चाहते त्यालाच सगळ्यात चांगला मानतात. तुम्हाला चाळीस वर्षं थांबायचं नाहीये, पण पहिल्या चार दिवसांच्या मेसेजवर निर्णय घेऊ नका. गिऱ्हाइकाचं पहिलं पाकीट संपून दुसऱ्याची वेळ येईपर्यंत थांबा. खरी प्रतिक्रिया दुसऱ्या खरेदीत असते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या मालातल्या किंवा सेवेतल्या तीन गोष्टी लिहा, ज्यांना हात लावला तर जुनं गिऱ्हाईक रुसेल. स्वतः ठरवू नका, पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा.

२. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही काय बदललं आणि ते गिऱ्हाइकाला सांगितलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

३. दहा जणांना फोन करा, पाच बोलणारे आणि पाच गप्प बसणारे. ताईंचे तीन रकाने भरा.

४. नवीन काही काढणार असाल तर नाव, लेबल, रंग वेगळा ठेवा. जुनी पाकिटं संपवायचा मोह टाळा. पाकिटं वाचवायला गेलात तर गिऱ्हाईक जातं.

वही भरून झाली की पुढच्या सेशनला घेऊन या. नांदेडच्या बॅचला आपण हाच तक्ता फळ्यावर भरणार आहोत. आणि हो, तुमच्या वहीत "घेतलाच नाही, पण जाऊबाई म्हणाल्या" असं गिऱ्हाईक सापडलं, तर ते नक्की सांगा. प्रत्येक धंद्यात एक तरी असतंच!

भेटू पुढच्या व्हिडिओत.