निवल्यावर झाकण

पोरी, पुण्याला निघालीस ना, मग कपडे तू भर, शिदोरीचं मी पाहते. दशम्यांची कणीक पाण्यात नाही, दुधात भिजवायची, चमचाभर तेल घालून घट्ट मळायची. भाजून झाल्या की दुरडीत एकावर एक रचू नकोस, धुतलेल्या फडक्यावर सुट्या पसर. वरून हात लावून भागत नाही, उलटून पाहायचं. वरची बाजू गार आणि खालची कोमट लागली तर थांबायचं. तुझ्या आईनं एकदा गाडीच्या घाईत गरमच भरल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर झाकणाला आतून घाम आणि वरच्या तीन दशम्या चिकट. सोबत जवसाची चटणी ने. लोणचं नको, सांडलं की पिशवी गेली.

आता रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोपलं की सकाळी पुणं, धाब्यावर गाडी थांबतेच, मग शिदोरी काहून, असं तू म्हणशील. पण बाई, गाडी बंद पडते तिथे धाबा नसतो. आम्ही कारंज्याहून शकुंतला नावाच्या आगगाडीनं मूर्तिजापूरला जायचो आणि तिथून मोठी गाडी धरायचो. 1994 पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. खिडकीत बसलं की डोळ्यात कण जायचा, म्हणून लेकराला आतल्या अंगाला बसवायचं. गाडी अशी रमतगमत जायची की डबा मूर्तिजापूरच्या आधीच निम्मा व्हायचा. तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे, माणशी एका जेवणाचं जास्त.

निघायचा दिवसही पाहून ठरवावा. पंचांगाचं मी फार धरत नाही, गर्दीचं धरते. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. तेव्हा मानोऱ्याकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, दोन दिवस मागेपुढे निघ. उन्हाळ्यात दुपारची गाडी घेऊच नको. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. मीही ठेवते, पण डोक्याला दुपट्टा बांधला नाही तर त्या कांद्याची भाजीच करावी.

मृग लागतो 7-8 जूनला. तेव्हा इकडे आपल्या घरी इंझोरीला यायचं तर पाहुणी म्हणून येऊ नको. घरातलं कोणी जागेवर नसतं, चहा तुलाच मांडावा लागेल. पहिला पाऊस पडला की तुझा काका तिफण काढायला धावतो. त्याला मी वावरात नेऊन माती उकरायला लावते. वर चिखल आणि बोटभर खाली फुफाटा निघाला तर सोयाबीन घरातच बरं. कृषी खात्याचेही लोक 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतात. पेरणी उलटली की बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात, आणि त्या वर्षी घरात कुणाला प्रवास सुचत नाही.

वर्षाचे गहू भरायचे ते पाऊस यायच्या आत. वैशाखातलं कडक ऊन दोन दिवस दे, दाणा दाताखाली टकन वाजला पाहिजे. पण उन्हातून उचलून थेट कोठीत नाही टाकायचे. संध्याकाळी सावलीत पसरून रात्रभर निवू द्यायचे, सकाळी वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून भरायचे. गरम भरले की आत वाफ धरते आणि श्रावणात कोठी उघडावी तर कुबट वास.

नवऱ्याशी बोलाचाली झाली तर त्याच रात्री मला फोन करू नको. सकाळी कर. रात्री केलास तर मी तुझीच बाजू घेणार, आणि मग तुमचं गोड झालं तरी माझ्या मनातून जावयाचं ते बोलणं जात नाही. तसंच, कुणी प्रवासातून दारात आलं की आधी पाणी आणि गुळाचा खडा. किती वाजता निघालात, उशीर का झाला, ते जेवणानंतर. तुझे आजोबा उन्हातून आले की अर्धा तास माणसात नसायचे. हे कळायला मला चार वर्षं लागली, तोवर रोज दुपारी भांडण.

अगं, बॅगेची चेन काय लावतेस? थांब जराशी, दशम्या अजून कोमट आहेत.