दाताला कीड कशी लागते

दाताला कीड लागली, असे आपण म्हणतो. लाकूड जसे भुंगा पोखरतो, तशी एखादी आळी दातात शिरत असेल, असे पुष्कळांना वाटते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन आळ्या काढून दाखवणारेही असतात. त्यांना पैसे देऊ नका. दातात आळी नसतेच.

मग दात कोण पोखरतो? आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. सकाळी दातांवरून जीभ फिरवून पहा. चिकट थर लागतो ना? त्यात हे जंतू राहतात. आपण गोड खाल्ले, की तेही खातात आणि आंबट रस तयार करतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की तिची चकाकी जाते. तसेच दाताचे वरचे कठीण कवच ह्या रसाने मऊ पडते. पुढे लाळ हा आंबटपणा घालवते आणि कवचाची थोडी झीज भरूनही काढते. पण तिला अर्धा तास तरी लागतो.

आता हिशेब करू. समजा, एकाने जेवणात भाकरीबरोबर गुळाचा मोठा खडा खाल्ला. त्याच्या दातांवर एकदाच मारा झाला. दुसरा गडी दिवसातून ६ वेळा गोड चहा घेतो. सहा वेळा अर्धा तास म्हणजे ३ तास झाले! वर चहात बुडवलेले बिस्कीट दाढेच्या फटीत चिकटते, ते वेगळेच. म्हणून गोड किती खाल्ले ह्यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दाताला जास्त बाधते. चहा सोडा असे मी म्हणत नाही. सांगितले तरी कोण ऐकणार! पण ६ चे २ करा. एखादा बिनसाखरेचा घ्या. चहानंतर खळखळून चूळ भरा.

कीड लहान मुलांनाच लागते, हाही गैरसमज आहे. वय वाढते तशा पुष्कळांच्या हिरड्या मागे सरतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर ते कठीण कवच नसते. तिथे कीड लवकर शिरते.

ह्यात मशेरी भर घालते. मशेरीने दात बळकट होतात, असे आमच्या बायाबापड्या सांगत आल्या. ते खरे नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात, सवय सुटत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती असते. राख, विटेची भुकटी ह्यांनीही दात झिजतात. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि मऊ ब्रशने हळू घासा.

रात्रीचे घासणे तर चुकवूच नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे जंतूंना रान मोकळे मिळते. घासल्यावर मग दूध नाही, चहा नाही, तोंडात तंबाखूचा विडा धरून झोपणे तर नाहीच.

दातावर काळा डाग किंवा खड्डा दिसला, गार पाण्याने कळ आली, तर लगेच दाताच्या डॉक्टरांना दाखवा. खड्डा लहान असतानाच भरला तर दात वाचतो. ठणका आपोआप थांबला तरी जा. कधी कधी आतली नस मेल्यामुळे दुखणे थांबते, आणि कीड मात्र खाली उतरतच असते.