काम बदललं म्हणजे वाट चुकली का?

प्रश्न : मी डी.एड. आहे. सहा वर्षे खासगी शाळेत शिकवलं, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची चार वर्षे शुश्रूषा केली. आता मुलांसाठी गोष्टी आणि स्वाध्याय लिहिते. घरचे म्हणतात, एकाही कामात टिकली नाहीस. माझी वर्षे वाया गेली का?
– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : नाही, ताई. काम बदललं म्हणजे वाट चुकली, हा गैरसमज आहे. अनुताई वाघ आधी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाई मोडकांच्या बालवाडीच्या कामात आल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची निगा, शिक्षण आणि त्यावरचं लेखन ही तिन्ही कामं त्यांनी केली. मूल समजून घेणं हाच या कामांना जोडणारा धागा होता. तो तुमच्याकडेही आहे.

नोकरी देणारे हे मानतील का, ही शंका रास्त आहे. शुश्रूषेची वर्षे अध्यापनाचा अनुभव म्हणून दाखवू नका, पण लपवूही नका. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असाल, तर २०२१ च्या निर्णयानुसार ते प्रमाणपत्र आजीवन वैध आहे; जाहिरातीतली वयोमर्यादा मात्र आधी तपासा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांत शिकवणं आणि सांभाळणं, दोन्ही जमणारी माणसं हवी असतात. तिथे चौकशी करा. गोष्टी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे पाठवून पाहा. प्रकाशकाशी मानधन आणि हक्क लेखी ठरल्याशिवाय हस्तलिखित देऊ नका. जुन्या शाळेकडून अनुभवाचा दाखला मात्र आजच मागून घ्या.